वेब्ली, एनफिल्ड, कानपूर : एका रिव्हॉल्व्हरच्या पिढ्या

शहाडला रिव्हॉल्व्हरवर व्याख्यान कशाला, असं काहींना वाटलं असेल. मला विचाराल तर या विषयाला याहून चांगला श्रोता मिळणं कठीण. समोर सेंचुरी रेयॉनमध्ये, एन.आर.सी.मध्ये उमेद घालवलेले फिटर-टर्नर बसलेत, अंबरनाथच्या संरक्षण कारखान्यांतून निवृत्त झालेली मंडळी दिसतायत. आणि शेजारी उल्हासनगर आहे. नक्कल म्हणजे काय, हे उल्हासनगरच्या शेजाऱ्याला शिकवावं लागत नाही. 'मेड इन यूएसए' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद ऐकतच आपण मोठे झालो. (हशा) पण त्या विनोदाच्या पोटात एक खरा प्रश्न आहे. नक्कल वाईट असते ती नक्कल आहे म्हणून, की करताना त्यातलं काहीतरी राहून जातं म्हणून? आणि राहतं ते नेमकं काय?

आज हा प्रश्न एकाच वस्तूला विचारायचा आहे. बर्मिंगहॅमच्या वेब्ली कंपनीचं मधून मोडणारं रिव्हॉल्व्हर. त्याच्या नकला बेल्जियममध्ये झाल्या, स्पेनमध्ये झाल्या, खुद्द इंग्लंडच्या सरकारी कारखान्यात झाल्या, ऑस्ट्रेलियात झाल्या, आणि आपल्या कानपूरला तर तिची परंपराच झाली. आपल्याकडे परवान्याचं हत्यार बाळगणाऱ्या कुणाशीही बोला. "आमच्याकडे वेब्ली आहे" हे वाक्य "आमच्याकडे आजोबांची पैठणी आहे" याच सुरात येतं. आणि बाजारात जुन्या वेब्लीला नव्या कानपुरी रिव्हॉल्व्हरच्या कितीतरी पट भाव मिळतो. यंत्र तेच, काडतूस तेच, सहा घरं तीच. मग हा जास्तीचा पैसा कशाचा? पोलादाचा, की नावाचा? ज्याच्या घरी वारशानं असं हत्यार आलंय त्याला हा प्रश्न फार खरा आहे. लाखांचा व्यवहार आहे, आणि हातात धरून चाप ओढायची वस्तू आहे.

आधी शब्द ठरवून घेऊ. घोडा म्हणजे हॅमर, चाप म्हणजे ट्रिगर, नळी म्हणजे बॅरल. सहा काडतुसांचं सिलिंडर, त्याला मी चक्र म्हणेन. कोल्टच्या १८७३ च्या रिव्हॉल्व्हरची चौकट अखंड असते, एकसंध खिडकीसारखी, आणि त्या खिडकीत चक्र बसलेलं. वेब्लीचं तसं नाही. नळीच्या पुढच्या अंगाला खाली बिजागरी आहे आणि मागे घोड्याच्या पुढ्यात एक कडी. घोडेस्वाराच्या रिकिबीसारखी दिसते म्हणून इंग्रजीतही तिला रिकिबीचंच नाव. अंगठ्यानं खटका दाबला की कडी सुटते, नळी आणि चक्र पुढे झुकतं, आणि आतली चांदणी वर येऊन सहाही रिकामी कवचं एकदम बाहेर फेकते. चालत्या घोड्यावर बसलेल्या माणसाला याचं मोल कळतं.

आता तुम्ही कारखान्यातली माणसं, लगेच विचाराल की मग सगळा ताण कुठे जातो? बरोबर. बिजागरीच्या पिनेवर आणि त्या कडीवर. दर गोळीला नळी वर उघडायला बघते आणि कडी तिला धरून ठेवते. कडीत केसभर ढिलाई आली की दुसऱ्या दिवशी दोन केस येते. म्हणून वेब्लीची नक्कल ही कोल्टच्या नकलेपेक्षा कडक परीक्षा आहे. कोल्टची नक्कल करणाऱ्याला चौकट सांभाळून घेते. वेब्लीची नक्कल करणाऱ्याला सांभाळून घेणारं काही नाही. जिथे दोन भाग एकमेकांना भेटतात तिथेच ती पास किंवा नापास.

एक गैरसमज मात्र सुरुवातीलाच दूर करायला हवा. आपण 'मूळ' म्हणतो तेव्हा ते एकजिनसी आहे असं धरून चालतो. तसं कधीच नसतं. सॅम्युअल कोल्टचं उदाहरण घ्या. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात त्यानं आपली रिव्हॉल्व्हरं मांडली, १८५३ मध्ये टेम्सकाठी पिम्लिकोला कारखाना काढला आणि १८५६ च्या अखेरीस तो बंदही केला. यंत्रानं केलेले, एकमेकांत सहज बदलता येणारे सुटे भाग, ही त्याची जाहिरात. इंग्रज अभियंते कारखाना बघायला गेले आणि भारावून परतले. पण तंत्रज्ञानाच्या इतिहासकारांनी पुढे प्रत्यक्ष हत्यारं उघडून, भाग मोजून बघितले, तेव्हा दिसलं की शेवटची जुळणी कानशीनंच होत होती. एका रिव्हॉल्व्हरचा भाग दुसऱ्यात सरळ बसेलच असं नाही. यंत्र भाग जवळपास आणून सोडायचं, आणि 'जवळपास'चं 'बरोबर' करायचा तो फिटर. हे लक्षात ठेवा. पुढची सगळी गोष्ट या फिटरचीच आहे.

वेब्लीचंही तेच. १८८७ मध्ये ब्रिटिश लष्करानं वेब्लीचं .४५५ बोअरचं रिव्हॉल्व्हर स्वीकारलं, मार्क एक. मग एकेक सुधारणा होत १९१५ मध्ये मार्क सहा आलं आणि पहिल्या महायुद्धात लाखोंच्या संख्येनं निघालं. महायुद्धानंतर लष्कराला वाटलं, .४५५ फार जड, नव्या शिपायाला आवरत नाही, .३८ पुरे. वेब्लीनं .३८ चा नमुना दिला. सरकारनं तो बघितला, एनफिल्डच्या सरकारी शस्त्र कारखान्यात नेला, तिथे कॅप्टन बॉइज नावाच्या अधिकाऱ्यानं त्यात फेरबदल केले, आणि १९३२ मध्ये 'एनफिल्ड नंबर दोन' म्हणून तेच लष्करात दाखल झालं. वेब्लीला कंत्राट नाही. कंपनी भांडायला उभी राहिली, २,२५० पौंड मागितले. संशोधकांना मोबदला देणाऱ्या शाही आयोगानं १,२५० पौंड देऊन विषय मिटवला. म्हणजे ज्याला आपण विलायती अस्सल म्हणतो त्यातली निम्मी वंशावळ सरकारनं खासगी कंपनीची केलेली नक्कल आहे. एनफिल्ड आणि वेब्ली मार्क चार शेजारी ठेवली तर नवख्याला फरक ओळखू येत नाही. पण एकाचा भाग दुसऱ्यात बसत नाही.

मग दुसरं महायुद्ध. इथे मला थोडं रेंगाळायचं आहे, कारण दर्जाबद्दलची सगळ्यात बोलकी खूण याच काळातली. वेब्लीला एवढी मागणी आली की पॉलिश करायला वेळ उरला नाही. वेब्लीची ख्याती तिच्या गडद निळ्या झिलईची होती, आणि आता मिलिंग कटरचे ओरखडे तसेच ठेवून माल बाहेर पाठवायची वेळ आली. कंपनीला याची लाज वाटली. तिनं चौकटीवर ठसाच मारला : 'वॉर फिनिश'. युद्धकाळातली सफाई. म्हणजे गिऱ्हाइका, हे आमचं नेहमीचं काम समजू नकोस. आपल्या मालावर आपणच माफीचा शिक्का मारणारा कारखानदार मी तरी दुसरा बघितलेला नाही.

पण त्या ओरखड्यांच्या आत काय होतं? बिजागरी, कडी, चक्र फिरवणारा पंजा, या जागी वेब्लीनं तडजोड केली नव्हती. बाहेरून खडबडीत, आतून नीट. एनफिल्डची गोष्ट उलटी आहे. १९३८ मध्ये रणगाड्यातल्या सैनिकांसाठी घोड्याची शेपटी कापून टाकली, कपड्यात अडकते म्हणून. तिथवर ठीक. १९४२ मध्ये उत्पादन वाढवण्यासाठी घोड्याची सुरक्षा-अडच काढून टाकली. हत्यार हातातून पडलं तर गोळी सुटण्याचा धोका आला. युद्धानंतर ती रिव्हॉल्व्हरं परत मागवून दुरुस्त करावी लागली. आता सांगा, दर्जा कुणाचा घसरला? ज्याच्यावर शिक्का होता त्याचा, की ज्याच्यावर नव्हता त्याचा? जुन्या हत्याराचा भाव आजही झिलई बघून ठरतो. 'वॉर फिनिश'ला कमी पैसे मिळतात. माझ्या मते ती अन्यायाची किंमत आहे.

याच युद्धात ऑस्ट्रेलियात एक प्रयोग झाला. न्यू साउथ वेल्समधल्या हॉवर्ड ऑटो कल्टिव्हेटर या कंपनीला एनफिल्डची नक्कल करायला सांगितलं. कंपनी कसली, तर शेतात माती भुसभुशीत करणाऱ्या यंत्रांची. कारखाना चांगला, माणसं हुशार. निघाली शे-तीनशे रिव्हॉल्व्हरं, आणि तक्रार अशी आली की एका हॉवर्डचा भाग दुसऱ्या हॉवर्डमध्येसुद्धा बसत नाही. नकाशे होते, पोलाद होतं, लेथ होते. नव्हतं काय? गेजचा पूर्ण संच आणि ते गेज कुठे लावायचं हे माहीत असलेली माणसं. उलट ग्लासगोच्या अल्बियन मोटर्सनं, जी मालमोटारी बनवायची, हेच रिव्हॉल्व्हर हजारोंनी काढलं आणि ते चाललं. दोन्ही कंपन्या बाहेरच्याच. फरक नकाशात नव्हता, नकाशासोबत काय दिलं गेलं यात होता. अंबरनाथच्या मंडळींना हे सांगायला नको. १९५३ मध्ये आपल्याकडे मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी उभी राहिली, तिच्यामागचा विचारच हा होता की हत्यार बनवण्याआधी हत्यार बनवणारं यंत्र स्वतःला बनवता आलं पाहिजे.

याही आधीच्या नकला म्हणजे बेल्जियममधल्या लिएजच्या. वेब्लीचं छोटं 'बुलडॉग' रिव्हॉल्व्हर १८७० च्या दशकात निघालं आणि लिएजच्या कारखान्यांनी त्याच्या स्वस्त आवृत्त्यांनी जग भरून टाकलं. स्पेनच्या एइबार गावातही घरोघरी हाच धंदा. या नकलांची आपण टिंगल करतो, पण १९१५ मध्ये ब्रिटिश युद्धखात्यानंच रिव्हॉल्व्हरं कमी पडली म्हणून स्पेनमधून .४५५ बोअरची मागवली होती. मग आहे खैबरकडचं दर्रा आदमखेल. तिथल्या कारागिरानं वेब्लीचा राजमुकुट, तारीख, कंपनीचं नाव, सगळं हातानं कोरलं. पण त्याला इंग्रजी वाचता येत नसे. अक्षरं उलटी, स्पेलिंग गमतीशीर. बाहेरून बघणाऱ्याला हसू येतं. माझं लक्ष मात्र दुसऱ्या गोष्टीकडे जातं. हा माणूस जे बघत होता ते जसंच्या तसं करत होता. त्याला न दिसणारी गोष्ट एकच, पोलादाला पाणी किती दिलंय ते. आणि तीच चुकायची. मऊ पोलादाचा पंजा शंभर-दोनशे वेळा चक्र फिरवून झिजतो, मग घर नळीसमोर नीट येत नाही. आकार डोळ्यांनी चोरता येतो, कठीणपणा डोळ्यांनी चोरता येत नाही.

आता थोडं अमेरिकेत जाऊ, कारण 'पिढी' हा शब्द या विषयात तिथून आला. कोल्टचं १८७३ चं रिव्हॉल्व्हर, आपण सिनेमात काउबॉयच्या कमरेला बघतो ते. १९४० मध्ये कंपनीनं ते बंद केलं. जुनी फॅशन, कोण घेणार? पुढे टेलिव्हिजनवर काउबॉयच्या मालिका सुरू झाल्या आणि मागणीचा पूर आला. १९५४ च्या सुमारास कॅलिफोर्नियात एका कंपनीनं नक्कल बाजारात आणली, तेव्हा कोल्ट जागी झाली आणि १९५६ मध्ये तिनं आपल्याच जुन्या मालाचं पुन्हा उत्पादन सुरू केलं. क्रमांकाच्या शेवटी एस आणि ए ही दोन अक्षरं. १९५६ ते १९७४ ही दुसरी पिढी, १९७६ पासून तिसरी. संग्राहकांमध्ये या तीन पिढ्यांवरून जी भांडणं होतात त्यापुढे आपली घराण्यांची भांडणं मवाळ वाटावीत. कोण ग्वाल्हेर, कोण आग्रा! (हशा)

सर्वसाधारण मत काय? पहिली सर्वोत्तम, दुसरी जवळजवळ तशीच, तिसरी उतरलेली. यात खरं किती? एक साधी गोष्ट बघा. पहिल्या पिढीतली १९०० च्या आधीची रिव्हॉल्व्हरं धूर न करणाऱ्या नव्या दारूसाठी नाहीतच. कंपनी स्वतः त्याची हमी देत नव्हती. म्हणजे धातू म्हणून पाहिलं तर दुसरी पिढी पहिलीपेक्षा उघडच मजबूत. मग पहिलीत काय होतं? हाडांच्या कोळशात पुरून चौकटीवर आणलेले निळे-पिवळे रंग, खोल निळाई, आणि घोडा मागे ओढताना येणारे चार टिचक. संग्राहक सांगतात, ते चार टिचक म्हणजे सी, ओ, एल, टी ही चार अक्षरं. गंमत सोडा, पण ते चार आवाज स्वच्छ, सारख्या अंतरानं यायचे असतील तर पंजा, अटक आणि घोडा तिघांना कुणीतरी हातानं एकमेकांशी जुळवावं लागतं. तिसऱ्या पिढीत कंपनीनं पंजाचा आकार बदलला, तो हातानं घासून जुळवायची गरज पडू नये म्हणून. नळीचे आटे एका इंचात वीस होते, ते चोवीस केले. चक्राच्या मधली सुटी नळकांडी काढून टाकली. यातला एकही बदल हत्यार कमजोर करत नाही. सगळे बदल एकच माणूस कमी करतात, तो फिटर.

तिकडे इटलीत, ब्रेशियाजवळच्या गार्दोने खोऱ्यात, १९५० च्या दशकाच्या अखेरीस वाल फोर्गेट नावाच्या अमेरिकनानं ग्रेगोरेली आणि उबेर्ती यांच्याकडून १८५१ च्या कोल्टची नक्कल करून घेतली. अमेरिकी यादवी युद्धाची शताब्दी तोंडावर आली होती, प्रत्येकाला भिंतीवर एक हवं होतं. या नकलांची पिढ्यांची रेघ उलट्या दिशेनं जाते. सुरुवातीचा माल दिसायला देखणा, आत मऊ स्प्रिंगा, मऊ भाग. पुढे गेज आले, संगणकावर चालणारी यंत्रं आली, आणि नंतरच्या उबेर्तीबद्दल तक्रारी कमी होत गेल्या. इतक्या, की १९७१ मध्ये खुद्द कोल्टनं आपल्या १८५१ च्या नमुन्याची नवी आवृत्ती काढली तेव्हा कच्चे भाग इटलीहूनच आणले. मूळ कंपनी आपल्या नक्कलकाराचे भाग विकत घेते आणि त्यावर आपलं नाव घालते. आता अस्सल कोण, तुम्हीच ठरवा.

ही पार्श्वभूमी मनात ठेवून कानपूरला येऊ.

१८७८ च्या शस्त्र कायद्यानं भारतीयांच्या हातातलं हत्यार परवान्याखाली आणलं. युरोपियनांना सूट, आणि आपल्यात सरदार, इनामदार, रावबहादूर अशांना मेहेरबानीनं. त्यामुळे महाराष्ट्रातल्या जुन्या घरांत जी वेब्ली सापडतात त्यांच्यामागे बहुधा अशाच एखाद्या मर्जीची गोष्ट असते. स्वातंत्र्यानंतर १९५९ चा शस्त्र कायदा आला. लष्कर-पोलीस वापरतात ते .३८ आणि .४५५ बोअर सामान्य नागरिकाला वर्ज्य राहिले. म्हणून आपल्याकडे खासगी रिव्हॉल्व्हर म्हटलं की .३२. मग १९८० च्या दशकाच्या मध्यापासून सर्वसामान्य परवानाधारकासाठी परदेशी हत्यारांची आयात बंद झाली. आणि इथे भावाचं सगळं गणित बदललं. जी वेब्ली बर्मिंगहॅममध्ये शेकड्यांनी निघणारी साधी, इमानदार, मध्यम दर्जाची वस्तू होती, ती आपल्याकडे एका रात्रीत दुर्मीळ झाली. देशात आहेत तेवढीच. त्यात वेब्लीनं १९७९ मध्ये बंदुका बनवणंच थांबवलं होतं. मागणी वाढती, साठा गोठलेला. आज जुन्या वेब्लीला जो भाव मिळतो त्यातला मोठा भाग हा आयातबंदीचा भाव आहे, कारागिरीचा नव्हे. हे व्यापारी सांगणार नाही, म्हणून मी सांगतो.

ही पोकळी कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीनं भरली. .३२ बोअर, सहा घरं, ७६ मिलिमीटरची नळी, आणि रचना वेब्ली मार्क चारची. त्याच्यावरच्या तक्रारी ठरलेल्या आहेत. चाप जड, कडा बोचऱ्या, सफाई ओबडधोबड, एक नग छान तर दुसरा त्रासदायक. शेवटची तक्रार मला महत्त्वाची वाटते. सगळेच नग वाईट असते तर आपण म्हणालो असतो, पोलाद वाईट किंवा रचना वाईट. पण नगानगात फरक पडतो तेव्हा दोष जुळणीच्या टेबलावर असतो. प्रूफ चाचणीत जादा दाबाची काडतुसं सोसून हत्यार बाहेर येतं, म्हणजे मजबुती आहे. कमी पडतात ती शेवटची वीस मिनिटं. पंजा घासून बघा, कडी लावून बघा, चक्र हातानं फिरवून बघा, पुन्हा घासा. 'वॉर फिनिश'च्या काळातसुद्धा बर्मिंगहॅमनं हीच वीस मिनिटं वाचवली नव्हती.

का कमी पडली? कानपूरच्या कामगाराला येत नव्हतं, हे मी मान्य करणार नाही. तिथे तोफांचं काम होतं, रायफली-मशीनगनचं होतं. माझं मत असं : या कारखान्यांचं खरं गिऱ्हाईक लष्कर. नागरिकाचं रिव्हॉल्व्हर हे बाजूचं काम, आणि त्या गिऱ्हाइकाला दुसरीकडे जायला वाटच नव्हती. आयात बंद, खासगी कारखाना नाही, प्रतीक्षायादी लांबलचक. ज्याचा माल बनण्याआधी विकला गेलाय त्याला वॉर फिनिशचा शिक्का मारायची लाज कुठून वाटणार?

दिल्लीच्या डिसेंबर २०१२ च्या घटनेनंतर, २०१४ मध्ये कानपूरच्याच फील्ड गन फॅक्टरीनं 'निर्भीक' काढलं. टायटॅनियमच्या मिश्रधातूचं, ५०० ग्रॅमचं, स्त्रियांसाठी म्हणून जाहिरात केलेलं. किंमत १,२२,३६० रुपये. किती स्त्रियांना ते परवडणार होतं, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला. आपल्या विषयापुरतं एवढंच, की धातू बदलला आणि वजन उतरलं. वजन उतरलं की तेच काडतूस हाताला जास्त झटका देतं. हलकेपणा हा दर्जाचा एक गुण आहे, फुकटचा नाही.

मग बंद दारं थोडी उघडली. २०२०-२१ मध्ये लखनौच्या सियाल कंपनीनं वेब्ली अँड स्कॉटशी करार करून हरदोई जिल्ह्यातल्या संडीला इथे .३२ वेब्ली मार्क चार बनवायला घेतलं. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये जुनं आयुध निर्माणी मंडळ मोडून सात सरकारी कंपन्या झाल्या. कानपूरचा कारखाना त्यातल्या शस्त्रांच्या कंपनीकडे गेला आणि २०२३ मध्ये तिथून 'प्रबल' आलं. वजन ७०० ग्रॅमच्या आसपास, पल्ला ५० मीटर असा कंपनीचा दावा. पण खरी बातमी वेगळीच आहे. प्रबलचं चक्र बाजूला उघडतं. बिजागरी गेली, रिकिबीची कडी गेली. वेब्लीच्या वंशात जी सर्वांत नाजूक जागा होती ती कानपूरनं नीट जुळवली नाही, तर आराखड्यातूनच काढून टाकली. कोल्टनं तिसऱ्या पिढीत पंजाचा आकार बदलला होता, तसंच. हे शहाणपण म्हणा किंवा पळवाट म्हणा. चौकट अखंड झाली हे मात्र हत्यार वापरणाऱ्याच्या फायद्याचं आहे.

एक आपल्या मातीतली गोष्ट राहिली. जुनी असो की नवी, बर्मिंगहॅमची असो की कानपूरची, तिच्या पोटात जातं ते .३२ चं काडतूस बहुतेक वेळा पुण्याजवळचं. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा. कवचाच्या बुडावर 'के एफ' दिसतं, ते किर्की फॅक्टरी. अंबरनाथच्या आयुध निर्माणीचं पितळकाम याच साखळीतलं. त्यामुळे कुणी म्हणालं, की आमची वेब्ली शंभर टक्के विलायती, तर खुशाल सांगा, नळीपर्यंत विलायती, पुढचं मराठी. (हशा)

वेळ थोडा आहे, दोन प्रश्न घेतो.

पहिला प्रश्न चिठ्ठीवर आलाय. "वडिलांची वेब्ली आहे. ठेवावी की विकून नवीन घ्यावं?" आधी कायदा. २०१९ च्या दुरुस्तीनं एका परवानाधारकाला तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवता येतात. तिसरं, वारशाचं असलं तरी, जमा करायचं होतं. अनेक घरांतून आजोबांचं हत्यार त्या वेळी गेलं, आणि कुठलं द्यायचं हे ठरवताना लोकांनी नाव बघितलं, अवस्था नाही. वेब्ली ठेवली, दुसरं दिलं. माझं म्हणणं, अवस्था बघा. परवानाधारक शस्त्र दुरुस्ती करणाऱ्याकडे न्या. त्याला तीन जागा बघायला सांगा. बंद केल्यावर नळी बिजागरीत हलते का, घोडा पूर्ण ओढल्यावर चक्र डगमगतं का, आणि चक्र व नळीमधली फट सहाही घरांना सारखी आहे का. साठ-सत्तर वर्षं उघडमीट झालेली कडी झिजलेली असू शकते, आणि तिचा मूळ सुटा भाग आता मिळत नाही. कानपूरचा पंजा अशा जुन्या वेब्लीत घासूनपुसून बसवलेला मी पाहिलाय. बसतो, पण घासणारा चांगला हवा. तिन्ही जागा नीट असतील तर ठेवा, तुमच्याकडे चांगली वस्तू आहे. नसतील, तर तुमच्याकडे चांगलं नाव आहे. आणि कायद्यातलं एक कलम पुष्कळांना माहीत नसतं. कालबाह्य नमुन्याचं किंवा पुराणवस्तू म्हणून मोल असलेलं, आणि दुरुस्त करूनही बंदूक म्हणून चालू शकणार नाही असं हत्यार १९५९ च्या कायद्याच्या कलम ४५ मध्ये वगळलेलं आहे. पण ते 'चालणार नाही' हे तुम्ही ठरवायचं नाही, पोलीस ठाण्यातून ठरवून घ्यायचं.

दुसरा प्रश्न मागच्या रांगेतून. "संडीलाची वेब्ली खरी वेब्ली म्हणायची का?" छान प्रश्न. नाव खरं आहे, करार खरा आहे. पण १९७९ ते २०२० अशी चाळीस वर्षं मध्ये गेली. त्या काळात बर्मिंगहॅमचे फिटर निवृत्त झाले, गेले. नकाशा तिजोरीत राहतो, हात राहत नाही. कोल्टच्या दुसऱ्या पिढीत फक्त सोळा वर्षांची खोट होती, तरी संग्राहक तिला वेगळी पिढी म्हणतात. त्या न्यायानं संडीलाची ही वेब्लीची नवी पिढी, जुन्या घराण्याच्या आडनावानं सुरू झालेली. तिच्या कडीचा आणि बिजागरीचा निकाल आज देता येणार नाही. काही हजार गोळ्या आणि वीसेक वर्षांची उघडमीट होऊ दे, मग मोजू. मोजायला तुमच्यापैकीच कुणी फिलर गेज घेऊन आलात तर बरं.

थांबतो इथेच. बाहेर चहा ठेवलाय.